वनमंत्री साहेब, भीमगडच्या पायथ्याला माणसंही राहतात

मा. वनमंत्री साहेब, कर्नाटक सरकार, यांना नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातला, भीमगड अभयारण्याच्या आतल्या वाडीचा. उन्हाळ्यात एक मोठे साहेब येऊन पावसाच्या आत ओढ्यावर साकव करून देतो म्हणून सगळ्यांसमोर सांगून गेले. मिरग लागला, ओढा भरला, साकवाचा पत्ता नाही. मग पोरांनी दरवर्षीसारखी पडकी झाडं आडवी टाकली, वर बांबू पसरले, धरायला तार ओढली आणि परवा त्याच्यावरनंच माझ्या वडलांचा पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं. 108 ला फोन लावायला भाऊ रेंजसाठी खडकाच्या टोकावर पळाला, तर गाडी डांबरीपर्यंतच येणार म्हणाले. घोंगड्याची झोळी करून बांबूला बांधली, जळवा झाडत चौघंजण चिखलातनं निघालो. जिवंत बापाला खांदा द्यायची पाळी आणली साहेब तुम्ही लोकांनी!

आमच्या अंगणातनं भीमगडचा कडा समोर दिसतो. शिवरायांचा गड, खाली महादईचं खोरं, बारापेडे गुहेतली ती दुर्मीळ वटवाघळं, सगळ्याचा आम्हाला अभिमान आहे. पण 2011 साली अभयारण्य झालं आणि 190 चौरस किलोमीटरच्या नकाशात आमचीच अडचण व्हायला लागली. काहीही मागा, उत्तर एकच, जंगल आहे, परवानगी नाही. वनहक्क कायदा 2006 चं कलम 3(2) वाचा की. ग्रामसभेची शिफारस असली तर रस्ता, शाळा, दवाखान्याला एक हेक्टरच्या आतली जागा देता येते, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत एवढीच अट. आमच्या साकवाला एक झाडही तोडायला नको.

वर वनखातं म्हणतं, 15 लाख घ्या आणि जंगलातनं उठा. ज्याला जायचंय त्याने खुशाल जावं, पण रस्ता द्यायचा नाही, लाईट द्यायची नाही आणि माणूस कंटाळून सही करेल म्हणून वाट बघायची, ह्याला राजीखुशी म्हणायचं? महादईला मिळणाऱ्या कळसा-भांडुरा ओढ्यांचं 3.90 टीएमसी पाणी वळवून पाहिजे म्हणून सगळे पक्ष एक होतात, त्याच खोऱ्यातल्या माणसासाठी कोण बोलायला तयार नाही. नोटिसा येतात त्या पण नुसत्या कन्नडमध्ये, 15 टक्क्यांवर भाषिक अल्पसंख्याक असले की त्यांच्या भाषेत कागद द्यायचा नियम कुठं गेला? सत्तर वर्षं सीमाभागाचं हेच चाललंय, बेळगावात विधिमंडळाचं अधिवेशन भरतं आणि खानापूरचा जंगलभाग तसाच राहतो.

साकवाची ऑर्डर कधी निघणार त्याची तारीख लेखी कळवा, आणि मराठीत कळवा, वडलांना कन्नड वाचता येत नाही.

आपला,
भीमगड परिसरातला एक शेतकरी