हर्णैच्या घरी, रग्बीहून

ती. काकांस सा. न.,

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, तुमच्याकडे लाईट गेली आणि मग रेंजच गेली, म्हणून म्हटलं सरळ लिहूनच काढावं. शिवाय हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच, नीट सांगायचं होतं.

आम्ही नवीन घर घेतलंय ना हौल्टनला, इंग्लंडातल्या रग्बी गावाच्या बाहेर, ही सगळी वसाहत एका जुन्या वायरलेस स्टेशनच्या जागेवर उभी आहे. चिऊची शाळा तर चक्क त्या स्टेशनच्याच जुन्या इमारतीत आहे, मागे नवे वर्ग बांधलेत पण पुढची विटांची इमारत तशीच ठेवलीय. १९२६ ला हे स्टेशन सुरू झालं, बारा लोखंडी खांब होते, एकेक ८२० फूट, म्हणजे आपल्या फोर्टातल्या राजाबाई टॉवरच्या जवळजवळ तिप्पट! शेवटचे चार २००७ मध्ये पाडले. इथून अतिशय लांब लहरींवर संदेश जायचे आणि ते जवळपास सगळ्या जगभर ऐकू यायचे. हे वाचत गेलो आणि मला पणजोबा आठवले, आणि त्याहून जास्त पणजी आठवली.

तुम्हीच सांगायचात ना, दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत पणजोबा इंग्रजांच्या व्यापारी बोटीवर डेकवर खलाशी होते, आणि सोळा महिने घरी एक ओळ नाही, एक तार नाही. आणि पणजी मरेपर्यंत म्हणायची की बोटीवर वायरलेस होता, तो चालवणारा मार्कोनीसाहेब होता, दोन शब्द पाठवायला काय झालं होतं. तर काका, त्याचं उत्तर मला इथे मिळालं असं मला वाटतंय.

२६ ऑगस्ट १९३९ ला, म्हणजे लढाई सुरू व्हायच्या आठवडाभर आधीच, ब्रिटिश नौदलाच्या मुख्यालयाने सगळ्या व्यापारी बोटींचा ताबा घेतला, कुठली बोट कुठल्या वाटेने जाणार हे तेच ठरवणार. पण बोट बंदरातून सुटली की तिला सांगायचं कसं, की पुढे पाणबुडी आहे, वाट बदल, अमुक बंदरात जाऊ नको? त्यासाठी बीएएमएस नावाची पद्धत होती, दोस्त राष्ट्रांच्या व्यापारी बोटींसाठीचं प्रसारण. समुद्राचे विभाग पाडलेले, प्रत्येक विभागाला किनाऱ्यावरची ठरलेली स्टेशनं, रग्बी त्यातलंच एक, आणि ठरलेल्या वेळी ही स्टेशनं मोर्समध्ये गुप्त भाषेतले गट पाठवत राहायची. बोटीवरचा रेडिओ ऑफिसर कानाला हेडफोन लावून ते गट कागदावर उतरवून घ्यायचा, मग कॅप्टनच्या केबिनमध्ये कोडबुक काढून अर्थ लावायचा. आधी बऱ्याच बोटींवर एकच ऑफिसर असायचा, त्याला झोप तर लागणारच, पुढे पुढे तीन तीन ठेवायला लागले म्हणजे चोवीस तास कोणीतरी ऐकत बसेल.

आणि आता मुख्य गोष्ट. बोटीने उत्तर द्यायचंच नाही. ‘मिळालं’ एवढंसुद्धा नाही. कारण बोटीने संदेश पाठवायला बटण दाबलं की जर्मन लोक दोन-तीन ठिकाणांहून त्या लहरींची दिशा धरायचे आणि बोट नेमकी कुठे आहे ते काढायचे. म्हणून किनाऱ्यावरचा माणूस बोलत राहायचा, तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवायचा, आणि समोर कोणी ऐकतंय की बोट बुडालीय हे त्याला कळायचं नाही. खलाशांचे स्वतःचे रेडिओसुद्धा काढून घ्यायचे, कारण तेव्हाच्या काही सेटमधून थोड्या लहरी बाहेर पडायच्या. एकदाच तोंड उघडायचं, हल्ला झाला की. पाणबुडी असेल तर चार वेळा एस, युद्धनौका असेल तर चार वेळा आर, विमान असेल तर ए, व्यापारी बोटीचं सोंग घेतलेली लढाऊ बोट असेल तर क्यू, आणि जागा. तेवढं पाठवेपर्यंत रेडिओ ऑफिसर जिवंत राहिला तर!

ऑटोमेडॉन नावाच्या बोटीचं वाचून मला रात्री झोप लागली नाही. ११ नोव्हेंबर १९४०, सुमात्राजवळ अटलांटिस नावाच्या जर्मन बोटीने तिच्यावर तोफा डागल्या, ब्रिजवरचे, म्हणजे बोट चालवतात तिथले, सगळे गेले, कॅप्टनसुद्धा. कोडबुकं खरं तर वजन बांधून समुद्रात फेकायची असतात, पण फेकायला कोणी उरलंच नाही, आणि व्यापारी बोटींच्या गुप्त भाषेची कागदपत्रं जर्मनांच्या हातात पडली. मग त्यांनाही रग्बीसारख्या स्टेशनवरून काय जातंय ते कळू लागलं, आणि आपला खलाशी डेकवर उभा, त्याला यातलं काहीच माहीत नाही.

या लढाईत सहा हजारांहून जास्त हिंदुस्थानी खलाशी गेले काका, त्यात आपल्या रत्नागिरीकडचे आणि गोव्याचेही होते. मस्जिद बंदरच्या सीमेन्स होममध्ये त्यांच्या नावांची वही आहे असं वाचलं. पणजोबा परत आले म्हणून आपण आहोत.

२८ मे १९४५ ला जाहीर झालं की आता अटलांटिकमध्ये बोटींनी रात्री दिवे पूर्ण लावावेत, अंधार ठेवायची गरज नाही. बोटीवर तो संदेश कागदावर उतरवून घेणाऱ्याचा हात कसा थरथरला असेल याचा मी विचार करतोय. पणजोबा त्या रात्री कुठे होते?

त्यांचं बोटीवरचं पुस्तक माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहे असं आई म्हणायची, बोटींची नावं आणि तारखा त्यात असतील. पाऊस सुरू व्हायच्या आत काढा आणि प्रत्येक पानाचा फोटो व्हॉट्सअपवर पाठवा, पानं चिकटली असतील तर जोर लावू नका, तशीच ठेवा, मी डिसेंबरात येतोय तेव्हा बघू. आणि आत्याला हे पत्र वाचून दाखवा, पणजीचं ते बोलणं तिनेच सगळ्यात जास्त ऐकलंय.

काकूंना नमस्कार. चिऊ बरी आहे, शाळेत रुळली.

तुमचा,
मंदार