मोजणीवाला कोणाचा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पानावर ब्रेक्झिटबद्दल, म्हणजे ब्रिटन युरोपीय महासंघातून बाहेर पडला त्याबद्दल, एक पत्र आले होते. त्याचा मथितार्थ असा की, ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यातले साहेबलोक मनातून युरोपचेच होते, त्यांनी वाटाघाटीत चालढकल केली आणि म्हणून त्या काडीमोडाचा एवढा घोळ झाला. मुत्सद्द्याने कसे तटस्थ असावे, तोंड बंद ठेवून सांगितले तेवढे करावे! हे शेवटचे वाक्य वाचून राहवेना, म्हणून लिहायला बसलो. तटस्थ राहणे आणि तोंड बंद ठेवणे एकच, असे ज्याला वाटते त्याने कधी कुणाची वाटणी केलेली नसावी.

मी केली आहे. उभी नोकरी नाशिक जिल्ह्यात भूकरमापक म्हणून गेली. निफाड तालुक्यातली एक मोजणी अजून डोळ्यांसमोर आहे. दोन सख्खे भाऊ, पावणेसात एकर जमीन आणि मध्ये विहीर. तेव्हा साखळीच होती, तेहतीस फुटांची. साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा. सकाळी शिवारात पोचलो तर थोरल्याच्या घरून चहा आला. मी घेतला नाही. मग धाकट्याकडून आला, तोही परत पाठवला. साखळी धरायला गावातलाच एक माणूस घेतला होता, तो दुपारपर्यंत माझ्यावर पार वैतागला, कारण माझ्या तत्त्वापायी त्याचाही चहा दोनदा हुकला होता. हद्द धरत आलो तर विहीर थोरल्याच्या बाजूला पडली, चांगली अकरा फूट आत. धाकटा म्हणाला, “सायेब, चहा त्याचा घेतला नाही खरा, पण दगड त्याच्याच बाजूनं टाकला.” मी त्याला टिपण, म्हणजे मूळ मोजणीची नोंद दाखवली, जुनी मापे दाखवली. म्हटले, विहीर कापून वाटता येत नाही, पाण्याची पाळी वाटता येते. सातबाऱ्यावर इतर हक्कात अर्धा हिस्सा लिहून घ्या. पुढे दोघांनीही माझ्याविरुद्ध अर्ज केले. वरिष्ठांनी ते शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि हसून म्हणाले, “मोजणी बरोबर झालेली दिसतेय.”

आता, माझी तटस्थता आणि मुत्सद्द्याची तटस्थता यांत फरक आहे, तो आधी मान्य करतो. मी दोन्ही भावांना सारखाच परका. मुत्सद्दी हा एका भावाचा मुखत्यार असतो, त्याने समोरच्याशी तटस्थ राहावे अशी कुणाची अपेक्षाच नाही. त्याची तटस्थता घरातल्या भांडणापुरती. आज एका पक्षाचे सरकार, उद्या दुसऱ्याचे. त्याने दोघांचे काम सारख्याच निष्ठेने करायचे. ब्रिटनच्या सनदी नोकरांच्या आचारसंहितेत चार शब्द आहेत : सचोटी, प्रामाणिकपणा, वस्तुनिष्ठता आणि निःपक्षपातीपणा. लोक चौथा शब्द धरून बसतात आणि मधले दोन विसरतात. मालकाला न आवडणारे मापही त्याला खरे सांगणे, हे त्या मधल्या दोन शब्दांत येते.

सर आयव्हन रॉजर्स यांचेच बघा. ब्रसेल्समध्ये, म्हणजे युरोपीय महासंघाच्या मुख्यालयी, ते ब्रिटनचे स्थायी प्रतिनिधी होते. २३ जून २०१६ च्या जनमतात ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये रॉजर्स यांनी आपल्या सरकारला कळवले की, युरोपातल्या बाकीच्या राजधान्यांत असा अंदाज आहे की महासंघाशी व्यापार कराराला दहा वर्षेही लागू शकतात, आणि एवढे करून तो एखाद्या देशाच्या संसदेत आपटूही शकतो. डिसेंबरात ही गोष्ट बाहेर फुटली आणि गहजब झाला. रडतराऊत, पराभूत वृत्तीचा, युरोपचा हस्तक, काय काय म्हटले गेले. वास्तविक, पलीकडचे लोक काय बोलतात ते त्यांनी कळवले होते आणि त्यासाठीच त्यांना तिथे बसवले होते. ३ जानेवारी २०१७ रोजी त्यांनी राजीनामा दिला. जाताना सहकाऱ्यांना लिहिले की, कच्च्या युक्तिवादाला आणि गोंधळलेल्या विचारांना हटकत राहा, सत्तेवर असलेल्यांना खरे सांगायला भिऊ नका.

करार तर २४ डिसेंबर २०२० ला झाला, म्हणजे साडेचार वर्षांत. मग रॉजर्स चुकलेच की, असे कुणी म्हणेल. म्हणावे. पण उत्तर आयर्लंडचा गुंता सोडवायला फेब्रुवारी २०२३ मध्ये विंडसरचा नवा आराखडा करावा लागला, आणि मे २०२५ मध्ये दोन्ही बाजू लंडनला पुन्हा टेबलाशी बसल्या, त्यात खाण्यापिण्याच्या मालाच्या तपासणीचाही विषय होता. दगड रोवले गेले होते, पाण्याची पाळी मात्र ठरतच होती.

कारण त्यांच्या वाटणीतही विहीर होती. आयर्लंड बेटावरची साधारण पाचशे किलोमीटरची सीमा : उत्तर आयर्लंड ब्रिटनचा, बाकीचा आयर्लंड स्वतंत्र देश आणि महासंघाचा सभासद. उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर तिथे पुन्हा चौक्या-फाटके उभारणे कुणालाच नको होते, पण ब्रिटन एकीकडे आणि युरोप दुसरीकडे म्हटल्यावर माल कुठेतरी तपासणे भाग होते. शेवटी तपासणी समुद्रात ढकलली, म्हणजे ब्रिटनमधून ब्रिटनच्याच उत्तर आयर्लंडमध्ये जाणाऱ्या मालाला कागदपत्रे आली. ही अडचण अधिकाऱ्यांनी मुद्दाम काढली असे ज्यांना वाटते, त्यांना निफाडच्या त्या विहीरवाल्या धाकट्याची ओळख करून द्यावीशी वाटते.

समोरच्या बाजूचे, म्हणजे महासंघाच्या वतीने वाटाघाटी करणारे मिशेल बार्निए हे मुळात फ्रान्सचे राजकारणी, पण त्यांनी एक काम अस्सल मोजणीवाल्याचे केले. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी जिन्याचे एक चित्र काढले. वरच्या पायरीवर महासंघाचे सभासदत्व आणि खाली एकेक पायरीवर नॉर्वे, स्वित्झर्लंड, युक्रेन, तुर्कस्तान, कॅनडा. ब्रिटनने स्वतःच आखलेल्या अटी लावत गेले की एकेक पायरी गळत जाते आणि उरते कॅनडाची. ते चित्र बघून मला आमची ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीनंतर देतात तो हद्दीचा नकाशा, आठवली. कुणाच्या बाजूने, कुणाच्या विरुद्ध असे काही नाही. तुमचेच म्हणणे, फक्त मापात काढलेले.

ऑली रॉबिन्स यांच्याबद्दल मात्र मला दोन्ही बाजूंनी बोलावे लागेल. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांच्या वतीने हेच सनदी अधिकारी वाटाघाटी करत. त्यांच्यावर राजकारण्यांनी एवढे तोंडसुख घेतले की ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळ सचिवांना वर्तमानपत्राला पत्र लिहून त्यांची बाजू मांडावी लागली. ज्याला स्वतःची बाजू मांडायची मुभाच नाही, त्याला झोडपणे सोपे असते. पण याच रॉबिन्स यांचे फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्रसेल्सच्या एका हॉटेलच्या बारमधले बोलणे पत्रकाराच्या कानावर पडले : खासदारांनी हा करार घ्यावा, नाहीतर बाहेर पडण्याची मुदत लांबेल, असे काहीसे. ही चूकच. मी ती ओळखतो, कारण एकदा निफाडच्या एसटी स्टँडवर चहा पिताना मी एका सहकाऱ्याला म्हणालो होतो की, अमक्या गटात आठ गुंठे कमी भरणार. मागच्या बाकावर त्या गटाच्या मालकाचा मेहुणा बसलेला. मोजणी बरोबरच होती, पण त्या गावात माझ्यावर पुन्हा कुणी विश्वास ठेवला नाही, आणि त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

२०१९ मध्ये नवे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी डेव्हिड फ्रॉस्ट यांना वाटाघाटीला नेमले. हे पूर्वीचे मुत्सद्दी, पण आता उघडपणे राजकीय नेमणुकीवर आलेले. पुढे उमराव झाले, मंत्रीही झाले. याला माझा आक्षेप नाही. आपला माणूस आहे, असे सांगून नेमला, समोरच्यालाही ते ठाऊक. घोटाळा तिथे होतो, जिथे माणूस नोकर म्हणून ठेवायचा आणि अपेक्षा कार्यकर्त्याची करायची. डिसेंबर २०१९ मध्ये वॉशिंग्टनच्या ब्रिटिश वकिलातीतल्या अलेक्झांड्रा हॉल हॉल यांनी याच मुद्द्यावर राजीनामा दिला. ज्या सरकारवर आपला विश्वास नाही त्याच्या वतीने अर्धसत्ये खपवणे यापुढे जमणार नाही, असे त्यांनी लिहिले. त्यांनी आत बसून खोडा घातला नाही, बाहेर पडल्या. आपल्या पत्रलेखकांना याहून अधिक तटस्थता कुठली हवी आहे?

खरे तर यासाठी ब्रसेल्सला जायचीही गरज नाही. १९४७ साली ३ जूनला फाळणी जाहीर झाली आणि १५ ऑगस्टपर्यंत सगळे वाटायचे होते. रोकड, फौज, रेल्वे, खुर्च्या-टेबलांपर्यंत. दहा तज्ज्ञ समित्यांच्या वर दोनच अधिकाऱ्यांची सुकाणू समिती होती : भारताकडून एच. एम. पटेल, पाकिस्तानकडून चौधरी मोहम्मद अली. दोघेही दिल्लीच्याच सरकारचे अधिकारी. बाहेर माणसे कापली जात असताना हे दोघे याद्यांवर बसले होते. आपापल्या बाजूसाठी ते भांडलेच असणार, तेच त्यांचे काम होते. पुढे एक पाकिस्तानचे पंतप्रधान झाले, दुसरे आपले अर्थमंत्री. तेव्हा आपल्या पटेलांना कुणी तोंड बंद ठेवायला सांगितले असते, तर वाटणीत आपल्याला काय आले असते, याचा पत्रलेखकांनी विचार करावा.

आणि हा विषय नाशिकच्या वाचकाचा कसा, असे कुणाला वाटत असेल तर माझ्या जावयाला विचारावे. दिंडोरीकडे त्याची द्राक्षबाग आहे. २०१० साली लिहोसिन या वेलीवर फवारायच्या औषधाच्या अंशापायी युरोपने आपली द्राक्षे अडवली, तेव्हा इथल्या किती घरांत चूल मंदावली ते आपण पाहिले आहे. तेव्हा ब्रिटन आणि युरोप मिळून एकच नियम होता. १ जानेवारी २०२१ पासून दोन झाले. रॉटरडॅमचा कंटेनर वेगळा, इंग्लंडचा वेगळा. आपला ब्रिटनशी व्यापार करार २४ जुलै २०२५ ला झाला. असल्या टेबलांवर आपले जे अधिकारी बसतात, त्यांनी मंत्र्यांना ‘हे जमणार नाही’ असे कधी लिहून कळवले का आणि त्यांचे पुढे काय झाले, यावर आपल्या दिल्लीच्या प्रतिनिधीकडून एखादा लेख मिळाला तर आमच्याकडे तो कात्री लावून जपला जाईल.

कळावे,
आपला एक वाचक
(निवृत्त भूकरमापक), नाशिक