आजार यादीत नाही म्हणून रुग्णही नाही? : मा. आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रीमहोदय,
सार्वजनिक आरोग्य, महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,
स. न. वि. वि.

परवा उपचारासाठी केलेला माझा सरकारी मदतीचा अर्ज परत आला. वर निळ्या शाईत शेरा : 'सदर आजार यादीत समाविष्ट नाही.' खाली सही, तीही लागत नाही. निवडणुकीआधी आमच्या तालुक्यात आरोग्य शिबिर झालं, तेव्हा व्यासपीठावरून आपण शब्द दिला होता की पैशावाचून एकाचाही उपचार अडणार नाही. मी पुढच्याच रांगेत होतो. टाळ्या वाजवल्या.

आजाराचं नाव अमायलॉइडोसिस. आपला वेळ मोलाचा, म्हणून थोडक्यात सांगतो. हाडांच्या मगजातल्या काही पेशी बिघडतात अन् भलतंच प्रथिन सोडत राहतात. मी मोंढ्यात आडतीवर मुनीम, त्यामुळं मला ते असं उमगलं : बारदान्याची घडी चुकली की थप्पी लागत नाही, कोपऱ्यात नुसता ढीग वाढतो. चुकीच्या घडीचं हे प्रथिन शरीराला मोडता येत नाही. ते हृदयात, किडनीत, नसांत, जिभेत साचत जातं.

जिभेत म्हणजे कसं, तेही ऐका. माझी जीभ सुजून जाड झालीय, कडांवर दातांचे खळगे उमटलेत. सौद्याच्या वेळी बोली मी पुकारायचो. आता 'साडेचार हजार' तोंडातून नीट निघत नाही, अन् हमाल पोरं दुसरीकडं बघतात. डोळ्यांभोवती आपोआप काळेनिळे डाग पडतात. शेजारच्या बायका आमच्या मंडळींना विचारतात, 'भांडण झालं का हो?' घोट्यावर बोट दाबलं की खड्डा पडतो, तो चहा होईस्तोवर भरत नाही. लघवीला फेस. जिना चढलो की धाप.

एका डॉक्टरनं पायाची सूज बघून मीठ बंद केलं. दुसऱ्यानं बीपी खाली गेलेला बघून मीठ वाढवायला सांगितलं. फी दोघांची सारखीच. टूडी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, भिंती जाड दिसल्या, तर म्हणाले जुना बीपी असणार. अहो, मला जन्मात बीपी नव्हता!

शेवटी देवगिरी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात बसून मुंबई गाठली. तिथं पोटावरच्या कातडीखालची चरबी सुईनं काढली, काँगो रेड नावाचा रंग दिला, अन् खास प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली ती हिरवी चमकली. झालं निदान. याला काय सोन्याची सुई लागते? मग रक्तात ते भलतं प्रथिन किती आहे ते मोजणारी 'फ्री लाइट चेन' तपासणी केली, मगज तपासला. हृदय फार बिघडायच्या आत पकडला तर हा आजार आवरता येतो, असं तिथल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं. आत पकडायचा कोणी, ते मात्र आपण सांगा.

मला बोर्टेझोमिबचं इंजेक्शन चालू आहे. हेच औषध मायलोमा नावाच्या रक्ताच्या कॅन्सरला देतात. म्हणजे औषध सरकारच्या ओळखीचं, आजार तेवढा अनोळखी! डॅराटुमुमॅब या दुसऱ्या औषधाला या आजारासाठी अमेरिकेत 2021 साली मान्यता मिळाली. आमच्याकडं अजून आजारालाच मान्यता नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं विमा संरक्षण दीड लाखावरून 5 लाखांवर गेलं, फलक चौकाचौकात आहेत. दुर्मिळ आजारांच्या केंद्राच्या धोरणात 50 लाखांपर्यंतची तरतूद आहे, तीही ठरावीक आजारांना, अन् त्यासाठी गाठायचं मुंबईचं केईएम रुग्णालय. निदानच होणार नसेल तर 5 लाख काय अन् 50 लाख काय, भिंतीवर रंगवायला दोन्ही सारखेच.

आणि हा श्रीमंतांचा, परदेशातला आजार आहे असं कोणी आपल्या कानात सांगितलं असेल तर ऐका : याचाच एक प्रकार जुनाट टीबीतून, कुष्ठरोगातून, संधिवातातून होतो. आमच्या बीडचे ऊसतोड कामगार सहा-सहा महिने फडावर असतात, गोळ्या मध्येच सुटतात. 2025 पर्यंत टीबी संपवणार होतात ना? ज्याचा टीबी बरा झाला पण लघवीला फेस राहिला, त्याची किडनी कोण तपासतं?

लातूरला, संभाजीनगरला सुपरस्पेशालिटीच्या इमारती उभ्या राहिल्या. कोनशिला बसवायला इमारत लागतेच. तपासणीच्या किटवर मंत्र्यांचं नाव कोरता येत नाही, ही अडचण मी समजू शकतो. 1953 च्या नागपूर करारात मराठवाड्याला विकासात न्याय्य वाट्याचा शब्द होता, त्याचं काय झालं ते आम्ही शाळेपासून ऐकतो. विकासाचा अनुशेष मोजायला 1994 साली वैधानिक विकास मंडळ दिलं, त्याची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपू दिली. मोजणाराच काढून टाकला की अनुशेष राहतोच कुठं? आमच्या आडतीवर असा हिशेब केला तर मालक त्याच दिवशी घरी पाठवेल. आपल्याला मात्र दर 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंड्याला सलामी देऊन दुपारच्या विमानानं परत जाता येतं.

मागणं फार नाही. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत किमान एका सरकारी मेडिकल कॉलेजात काँगो रेड अन् फ्री लाइट चेनची सोय करा. हृदयाच्या भिंती जाड अन् लघवीत प्रथिन, असा रुग्ण दिसला की ही तपासणी करा, असं पत्रक डॉक्टरांना काढा. अन् आजाराचं नाव त्या यादीत घाला. मतदार यादीत आमचं नाव घालताना कुठं अडत नाही.

कोणतं कॉलेज, कोणत्या तारखेपासून, एवढं लेखी कळवा. 'यथावकाश' असं लिहू नका.

आपला,
मोंढ्यातला एक मुनीम
जि. परभणी