दुचाकीवर पिस्तूल : आधी विचार पडण्याचा करा

संपादक महोदय,

परवान्याचे शस्त्र बाळगावे की बाळगू नये, यावर वृत्तपत्रांतून हिरिरीने वाद होतात. ते अंगावर कसे बाळगावे, हा प्रश्न मात्र मागे पडतो. मोटरसायकल चालवताना कसे बाळगावे, याची चर्चा तर क्वचितच कानावर येते. पिस्तूल चालवायला शिकवतात तेही बहुधा उभ्या माणसाला. दुचाकीवरचा माणूस वाकलेला असतो. दोन्ही हात आणि दोन्ही पाय कामात असतात, वारा कपडे ओढत असतो, आणि तो पडू शकतो. म्हणून परवानाधारकांनी आणि त्यांच्या घरच्यांनीही वाचावे, यासाठी हे पत्र.

होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायचे म्यान, आणि त्याची जागा निवडताना बहुतेकजण एकच पाहतात : हत्यार किती चटकन हातात येईल. दुचाकीसाठी ही कसोटीच चुकीची आहे. आधी हे पाहावे की, या जागेवर आपण आपटलो तर शरीराचे काय होईल आणि पिस्तुलाचे काय होईल.

कमरेच्या मागे, मणक्यावर पिस्तूल खोचण्याची पद्धत बरीच रूढ आहे. दुचाकीवर तिच्याइतकी वाईट जागा नाही. पाठीवर पडलात तर पोलादाचा एक टणक तुकडा थेट मणक्याखाली येतो. मोकळ्या पाठीला सहन झाला असता असा आघात त्यामुळे एकाच ठिकाणी एकवटतो. शिवाय हँडलकडे वाकले की जॅकेट मागून वर सरकते आणि मूठ उघडी पडते. म्हणजे लपवण्यासाठीही ती जागा उपयोगाची नाही.

पोटापुढे, पट्ट्याच्या बकलाशेजारी खोचले तर बसलेल्या स्थितीत नळीचे तोंड जांघेकडे वळते. तिथून मांडीची मुख्य धमनी जाते. समोरून धडक बसली की चालक सीटवरून पुढे घसरतो आणि ओटीपोट टाकीवर आदळते. मध्ये पिस्तुलाची मूठ असेल तर ती पोटात घुसते. ज्या गाडीवर टाकीला चिकटून बसावे लागते, तिथे ही जागा टाळावी.

काखेतल्या होल्स्टरमध्ये पिस्तूल आडवे राहत असेल तर त्याची नळी मागे पाहते, आणि मागे कोण बसलेले असते याचा विचार प्रत्येकाने करावा. तेवढा प्रवास नळी मागच्या माणसाच्या छातीवर रोखलेली राहते. हा दोष कितीही सावध चालवून जात नाही. काखेतच ठेवायचे असेल तर नळी सरळ खाली राहील असे होल्स्टर हवे. घोट्यावर बांधणारेही आहेत. पण डावा पाय गिअरवर आणि उजवा मागच्या ब्रेकवर असतो, थांबताना पाय जमिनीवर टेकतो, शेजारी सायलेन्सर तापलेला असतो, आणि गाडी आडवी झाली की तिच्याखाली आधी अडकतो तो पायच.

उरते ती कमरेची बाजू. खुब्याच्या हाडावर नेमके नको, त्याच्या किंचित मागे, जिथे मांस आहे तिथे असावे. होल्स्टर पँटच्या आत किंवा बाहेर अगदी अंगालगत, नळी खाली, आणि मूठ पुढे झुकेल असा 10 ते 15 अंशांचा कल दिलेला. त्या कलामुळे वाकल्यावर मूठ पाठीकडे कमी डोकावते. कुशीवर पडलात तर इथेही मार लागेल. त्यातल्या त्यात कमी धोक्याची जागा एवढेच तिचे गुण. सरळ बसून लांबचा प्रवास करणाऱ्याला जॅकेटच्या आत छातीवर बांधायचे होल्स्टर सोयीचे पडते, पण तोंडघशी पडल्यास बरगड्या धोक्यात येतात.

जॅकेटच्या खिशात नुसते पिस्तूल टाकणे मात्र कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. त्याच खिशात किल्ल्या असतात, पेन असते, आणि ट्रिगर उघडा असतो. पाठीवरची सॅक, टाकीवरची बॅग, बाजूच्या पेट्या यांचेही तेच. अपघातात बॅग चालकापासून सुटून वीस-तीस पावले लांब जाऊन पडू शकते. चालक बेशुद्ध असताना ती कोण उघडेल, हे त्याच्या हातात राहत नाही.

आता होल्स्टर. त्याने ट्रिगर गार्ड, म्हणजे ट्रिगरभोवतीचे कडे, पूर्ण झाकलेला हवा, तोही अशा कडक साहित्याने की बाहेरून बोटाने दाबले तरी ट्रिगरपर्यंत काही पोचू नये. कायडेक्ससारख्या प्लॅस्टिकचे दीड ते दोन मिलिमीटर जाडीचे होल्स्टर हे काम चोख करते. मऊ नायलॉनचे पाकीट करत नाही. जुने, वापरून मऊ पडलेले चामडे तर आणखी घातक, कारण तोंडाशी पडलेली त्याची घडी पिस्तूल आत सरकवताना ट्रिगर गार्डमध्ये शिरते आणि ट्रिगर ओढते.

अशीच एक बारीक वस्तू सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. अनेक जॅकेटच्या खालच्या घेराला आवळण्याची लवचीक दोरी असते आणि तिच्या टोकाला प्लॅस्टिकचा छोटा खटका लोंबत असतो. पिस्तूल होल्स्टरमध्ये परत घालताना तो खटका गार्डच्या आत अडकला की पुढची ढकल ट्रिगरवर पडते. अशा रीतीने स्वतःच्या मांडीत गोळी गेल्याचे प्रकार झालेले आहेत. दोरी कापून टाकावी किंवा आत शिवून घ्यावी. दहा मिनिटांचे काम आहे.

पकड तपासायची रीत साधी आहे. पिस्तूल पूर्ण रिकामे करावे, मॅगझिन काढून चेंबर, म्हणजे नळीच्या मागची काडतूस बसते ती जागा, डोळ्यांनी आणि बोटाने तपासावा, मग ते होल्स्टरमध्ये बसवून पलंगावर उलटे धरावे आणि जोराने हलवावे. सुटून पडले तर ते होल्स्टर दुचाकीसाठी नाही. पकड स्क्रूने कमी-जास्त करता येत असेल तर आवळून पुन्हा पाहावे. इंजिनाच्या कंपनाने हेच स्क्रू हळूहळू ढिले होतात. त्यांच्या आट्यांवर मध्यम ताकदीच्या, म्हणजे पुन्हा खोलता येणाऱ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब लावावा आणि आठवड्यातून एकदा पेचकस फिरवून पाहावा. हा थेंब कायडेक्सवर सांडू देऊ नये. काही प्लॅस्टिकना त्याने तडे जातात. पट्टा साधारण 38 मिलिमीटर रुंद आणि ताठ हवा. भरलेले मध्यम आकाराचे पिस्तूल पाऊण किलोच्या पुढे जाते. मऊ पट्ट्यावर ते खड्ड्याखड्ड्यागणिक उड्या मारते. मॅगझिन सोडण्याचे बटण पट्ट्याच्या काठाने दाबले जात नाही ना, हेही गाडीवर बसूनच पाहावे. आरशासमोर उभे राहून ते कळत नाही.

पडल्यावर गोळी सुटेल का, याचे उत्तर यंत्रणेवर अवलंबून आहे, आणि मालकाला ते माहीत असलेच पाहिजे. जुन्या घडणीच्या सिंगल ॲक्शन (दर वेळी हॅमर हाताने मागे ओढावा लागतो अशा) रिव्हॉल्व्हरमध्ये हॅमर, म्हणजे ठोका देणारा भाग, थेट काडतुसाच्या टोपीवर टेकतो. मागून ठोका बसला की बार उडतो. म्हणून ती पाच गोळ्या भरून, हॅमरखालचे घर रिकामे ठेवून बाळगायची असतात. रुगर कंपनीने 1973 मध्ये हॅमर आणि फायरिंग पिन (काडतुसाच्या टोपीवर आघात करणारी सुई) यांच्यामध्ये ट्रान्सफर बार, म्हणजे ट्रिगर ओढल्यावरच ठोका पुढे पोचवणारी पट्टी, घातला, तेव्हा तिच्या नव्या रिव्हॉल्व्हरपुरती ही अडचण गेली. स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हॅमर अडवणारा भाग आधीपासून होता. तरीही 1944 मध्ये जहाजाच्या डेकवर पडलेल्या अशा रिव्हॉल्व्हरची गोळी लागून अमेरिकी नौदलाचा एक खलाशी दगावला आणि कंपनीला तो भाग नव्याने घडवावा लागला. आधुनिक म्हणून निर्धास्त राहावे असेही नाही. सिग सॉअरच्या पी320 पिस्तुलाच्या बाबतीत विशिष्ट कोनात पडल्यावर गोळी सुटते, असे चाचण्यांत दिसल्यावर 2017 मध्ये कंपनीने सुधारणा देऊ केली होती. आपल्या हत्याराला फायरिंग पिन अडवणारा खटका आहे का, त्यासाठी कंपनीने काही दुरुस्ती जाहीर केली आहे का, हे मॉडेल आणि क्रमांक पाहून शोधावे. उत्तर मिळेपर्यंत चेंबरमध्ये काडतूस ठेवून दुचाकीवर बसू नये.

चालत्या गाडीवरून हत्यार काढण्याची कल्पना मनातून पूर्ण काढून टाकावी. उजव्या मुठीत रेस आणि पुढचा ब्रेक असतो, आणि बहुतेकांचा पिस्तुलाचा हातही उजवाच असतो. तो हँडलवरून सुटला की रेस मिटते, गाडी झपकन मंदावते आणि थांबवण्याची निम्म्याहून अधिक ताकद हाताबाहेर जाते. ताशी 60 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त अंतर कापते. हेल्मेटने नजरेचा घेर आणि कान दोन्ही मर्यादित झालेले असतात. कोणी अंगावर येत असेल तर दुचाकीस्वाराकडे दुसऱ्या कोणाकडे नसलेला उपाय असतो : रेस वाढवून तिथून निघून जाणे. सिग्नलला म्हणूनच पुढच्या वाहनाच्या मागे चिकटून उभे राहू नये; बाजूने निघता येईल एवढी जागा ठेवावी आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये असावी.

जाड हातमोजे घालून पिस्तुलाला हात लावू नये. त्यातून ट्रिगरचा स्पर्श कळत नाही आणि जाड बोट गार्डमध्ये शिरले की नकळत दाब पडतो. पिस्तूल होल्स्टरमध्ये घरीच, शांतपणे बसवावे आणि काढायचे झाल्यास होल्स्टरसकट पट्ट्यावरून सोडवावे. वाटेत थांबून ते पुन्हापुन्हा काढणे-घालणे, यातच चुका होतात. रोज चेंबर रिकामा करून तेच काडतूस परत भरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. वारंवार ठोकर बसून गोळी काडतुसाच्या टरफलात आत दबते आणि बार उडताना दाब धोकादायक वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभे करून लांबी पाहावी. आखूड दिसले तर ते वापरातून काढावे.

मागे बसणाऱ्याला हत्याराची कल्पना दिलेली असावी. खड्डा आला की त्याचे हात चालकाच्या कमरेलाच येतात. त्याने सीटची मागची दांडी धरावी.

पोलिसांनी थांबवले तर इंजिन बंद करावे, हेल्मेटची काच वर घ्यावी आणि दोन्ही हात हँडलवर दिसतील असे ठेवावेत. शस्त्राची माहिती आपणहून देण्याचे बंधन काही ठिकाणी कायद्याने आहे, काही ठिकाणी नाही. आपला परवाना कुठवर चालतो यासह हे निघण्याआधी वाचलेले असावे. सांगताना हात तिकडे नेऊ नये. लायसन्स आणि कागद हत्याराच्या विरुद्ध बाजूच्या खिशात ठेवले तर गैरसमजाचे अर्धे कारण तिथेच संपते.

पाऊस आणि घाम यांबद्दल थोडक्यात : घामातल्या मिठाने एका दिवसातही गंज धरू शकतो. भिजल्यावर पिस्तूल रिकामे करून खोलावे, मॅगझिनची स्प्रिंगसुद्धा कोरडी करावी आणि तेलाचा नुसता हात फिरवावा. ओल्या चामड्यात ते रात्रभर ठेवू नये.

अपघातानंतर काय करायचे, हे घरच्यांनीही वाचावे. जखमीच्या अंगावर हत्यार दिसले तर मदतीला आलेल्याने ते होल्स्टरमधून उपसू नये किंवा रिकामे करायला जाऊ नये. पट्टा सोडून किंवा कापून होल्स्टरसकट बाजूला घ्यावे, नळी मोकळ्या दिशेला ठेवावी आणि पोलिसांच्या हवाली करावे. रुग्णवाहिकेतल्या माणसांना ते आहे हे पहिल्या वाक्यात सांगावे. चालकाच्या तातडीच्या माहितीच्या कार्डावर ही नोंद असली तर फार बरे. डोक्याला किंवा मणक्याला मार लागलेल्याला एमआरआयसाठी नेले जाऊ शकते, आणि त्या यंत्राचे शक्तिशाली चुंबक नेहमी चालू असते. 2023 मध्ये ब्राझीलमध्ये साओ पाउलो राज्यात नातेवाइकासोबत एमआरआयच्या खोलीत गेलेल्या एका वकिलाचे पिस्तूल चुंबकाने ओढले जाऊन गोळी सुटली आणि त्यात त्यांचा पुढे मृत्यू झाला. ते स्वतः रुग्णही नव्हते.

किरकोळ घसरला असलात तरी ते पिस्तूल तपासल्याशिवाय झाडू नये. नळीत चिखल किंवा खडा अडकला असेल तर ती फुटू शकते. आपटून आतला सुरक्षेचा खटका वाकला असेल तर तो बाहेरून दिसत नाही. रिकामे करून शस्त्रदुरुस्ती करणाऱ्या परवानाधारक कारागिराकडे द्यावे. फाटलेले किंवा तडा गेलेले होल्स्टर टाकून द्यावे, चिकटवून वापरू नये.

आणि ज्या दिवशी वाटेत दारू घेतली जाणार असेल, किंवा शस्त्र नेण्यास मनाई असलेल्या ठिकाणी जायचे असेल, त्या दिवशी ते घरच्या तिजोरीत राहू द्यावे. डिक्कीत ठेवून आत जाण्याचा मार्ग पुष्कळजण काढतात. डिक्कीचे कुलूप एका पेचकसाने उघडते आणि अख्खी गाडी दोन माणसे उचलून टेंपोत घालतात. चोरीला गेलेले पिस्तूल पुढे कोणाच्या हाती पडेल, याची जबाबदारी मालकाला झटकता येणार नाही.

आपला,
एक परवानाधारक वाचक