आईचा पाऊस आणि फोनचा पाऊस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाईलमुळं सगळीकडची भाषा एकसारखी होत चाललीय असं काही जण म्हणतात, काही जण म्हणतात उलट छोट्या बोलींना आता जागा मिळाली. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात बसून मला दोन्ही दिसतंय म्हणून लिहितोय.

माझी आई पुण्यातल्या भावाला बोलून मेसेज टाईप करते. मागच्या पावसाळ्यात ती फोनला म्हणाली, "पाऊस पडूलालाय", म्हणजे पाऊस पडतोय, आणि फोननं लिहिलं "पाऊस पडू लागला". भावाला वाटलं आत्ता कुठं सुरू झाला, इथं तीन दिवस धार लागलेली, रोप लावणी अडकून पडलेली. फोनच्या लेखी ते शुद्धलेखन, पण आईचं म्हणणंच बदललं की हो!

2017 ला गूगलचं बोलून टायपिंग मराठी आणि कन्नड दोन्हीत एकदमच आलं, आम्हा सीमाभागातल्या माणसांना दोन्ही लागतात त्यामुळं आनंदच झाला, लिहायला न येणारी माणसंसुद्धा मेसेज करायला लागली हे लहान काम नव्हे. पण मशीन ज्यांचे आवाज जास्त ऐकतं त्यांचीच भाषा शिकतं, आणि आमचे आवाज त्यात कितीसे असणार.

दुसरीकडं रील्सवर आमचं "काय करूलालास बे" जोरात चालतं. शाळेत याच बोलण्यावरून आम्ही मार खाल्लाय, त्यामुळं पोरं ते बिनधास्त बोलतात बघून बरं वाटतं. पण मला खुपतं ते हे, की ती सगळी हसवायची रील्स. कुणी वारलं, पिकाला रोग पडला, कडोली-उचगावच्या साहित्य संमेलनात माईक हातात आला, की लगेच आपण पुस्तकी मराठीवर येतो. मग बोली उरते ती फक्त चेष्टेला, आणि याला फोन नाही, आपणच जबाबदार आहोत.

कॉमन व्हॉइस म्हणून एक उपक्रम आहे, तिथं मशीनला भाषा शिकवायला कुणीही आपला आवाज देऊ शकतो, मराठीसुद्धा आहे, कॉलेजच्या पोरांनी तिथं जावं. आणि तुम्हाला एक विनंती, पीकपाणी आणि बाजारभावाचं एक सदर आठवड्यातून एकदा आमच्या बोलीत छापा, विनोदी नको, नेहमीच्या बातमीसारखंच. पहिलं लिहून द्यायला मी तयार आहे, आईला विचारून लिहीन.

आपला,
एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव