बिल्डरने उशीर केला, दंड आम्ही का भरायचा? अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय अर्थमंत्री महोदया,
सादर नमस्कार.

यंदाचं प्राप्तिकर विवरणपत्र भरताना सीएने सांगितलं, गृहकर्जाच्या व्याजावर २ लाखांची वजावट तुम्हाला मिळणार नाही, ३० हजारांचीच मिळेल. कारण प्राप्तिकर कायद्याच्या कलम २४(ब) मधली अट. कर्ज घेतलं ते आर्थिक वर्ष संपल्यापासून ५ वर्षांत घर बांधून पूर्ण झालं पाहिजे. माझं कर्ज डिसेंबर २०१८चं, म्हणजे मुदत ३१ मार्च २०२४ला संपली. भोगवटा प्रमाणपत्र आलं त्यानंतर काही महिन्यांनी.

बांधकाम मी करत नव्हतो. मी हप्ते भरत होतो आणि राहत्या जागेचं भाडंही. आईला सांगत होतो, दिवाळीपर्यंत आपल्या घरात जाऊ. ती दिवाळी किती वेळा पुढे ढकलली हे तिलाच ठाऊक. घरात हौसेचा खर्च करायचं आम्ही सोडूनच दिलं होतं. हप्ता मात्र एकही चुकवला नाही. आणि शेवटी कायद्याच्या लेखी उशीर केला तो मी!

१ लाख ७० हजारांची वजावट गेली, म्हणजे २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला उपकरासह ३५ हजारांवर जादा कर. तोही व्याज २ लाखांच्या वर आहे तोवर दरवर्षी. ताब्याआधीच्या व्याजाची वजावट ५ समान भागांत मिळते असं सांगतात, पण ते भागही याच ३० हजारांत कोंबायचे. म्हणजे त्या वर्षांचं व्याज गेलंच.

प्रकल्प रखडतात हे सरकारला ठाऊक आहे. म्हणून तर २०१६च्या अर्थसंकल्पात ही मुदत ३ वर्षांवरून ५ केली. करोनात रेरा या बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्याखालच्या प्रकल्पांना ६ महिने वाढवून दिले. त्याच इमारतीत ज्याचे पैसे अडकले, त्याच्या ५ वर्षांत एक दिवसही वाढला नाही. हा कुठला न्याय?

पहिल्या घरासाठीच्या जादा सवलतीतही आम्ही नाही. कलम ८०ईई मार्च २०१७पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना, ८०ईईए एप्रिल २०१९ ते मार्च २०२२मधल्या कर्जांना. माझं घर ४५ लाखांच्या आतलं, नावावर दुसरं घर नाही, तरी मधल्या दोन वर्षांत कर्ज घेतलं म्हणून अपात्र. त्या दोन वर्षांत घर घेणाऱ्यांना घराची गरज कमी होती का?

नवी करप्रणाली घ्या, असं आता सगळे सुचवतात. तिच्यात स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाला काहीच वजावट नाही. वीस वर्षांचं कर्ज आम्ही तुमच्या तेव्हाच्या नियमांवर विसंबून घेतलं. नियम तुम्ही मधेच बदलता. पगारदाराचा कर पगार हातात येण्याआधीच कापता, बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी घेता, राज्य सरकार मुद्रांक शुल्क घेतं. घेताना कुणालाच ५ वर्षं थांबावं लागत नाही. अटी फक्त आम्हाला काही द्यायची वेळ आली की सुरू होतात.

रेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकल्पाची मूळ आणि वाढवलेली तारीख नोंदलेली असते. उशीर बिल्डरचा आहे हे तपासायला प्राप्तिकर खात्याला वेगळा पुरावा नको. अशा प्रकल्पांतल्या ग्राहकांना ५ वर्षांची अट लावू नका, आणि ज्यांची वजावट आधीच कापली गेली त्यांनाही ती परत द्या. ते जमणार नसेल, तर बिल्डरच्या उशिराचा कर ग्राहकाकडून का घेता, याचं उत्तर संसदेत द्या.

आपला,
एक गृहकर्जदार