परत्याचा फोन

प्रिय शऱ्या,

इकडे सगळे बरे. माझी बीपीची गोळी चालू आहे, आईचे गुडघे आहेत तसेच. लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने.

परवा परत्याचा फोन आला. हो, तोच. दहावीच्या बॅचचं संमेलन ठरतंय. मी ‘हॅलो’ म्हणतोय तोवर, "काय रे उ-उ-उपस्थित, ओळखलंस का?" आणि मागे चारपाच जणांचं हसणं.

शऱ्या, जीभ टाळूला चिकटली. रोज वर्गभर पोरांसमोर बोलणारा मी, एकावन्नाव्या वर्षी फोन धरून उभा आणि एक शब्द फुटेना. रात्रभर डोळा लागला नाही.

तुला वेगळं काय सांगू? हजेरीत माझा नंबर जवळ आला की तो मागून कर्कटकाचं टोक पाठीला लावून तयार बसायचा. मी अडखळलो की टोचायचा. सदऱ्यावरचे रक्ताचे ठिपके तूच नळाखाली घासायचास. मग तू सरांना सांगितलंस, सर म्हणाले "पोरं आहेत, चालायचंच", आणि मला मुतारीमागे दुप्पट मिळालं. त्यावरून आपली किती दिवस कट्टी! माझं मत आजही तेच आहे, आधी मला विचारायला हवं होतंस. आणि कट्टी सोडवायला आणलेली ती कैरी सडकी होती, हेही ऐकून ठेव.

अनघाला सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, बाबा, हे संपत नसतं. 1958 सालच्या मार्चमधल्या एका आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलांचा पन्नाशीपर्यंत माग ठेवलाय. सातव्या आणि अकराव्या वर्षी ज्यांना वारंवार छळलं गेलं, त्यांच्यात पंचेचाळिशी-पन्नाशीतही नैराश्य आणि चिंता जास्त, जवळची माणसं कमी. अमेरिकेत तर मुलांचं रक्त वर्षानुवर्षं तपासलं. छळ सोसलेल्यांच्या रक्तात मोठेपणी सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारं प्रथिन, जास्त वाढलेलं. आणि छळणाऱ्यांचं? चार हात लांब राहिलेल्या मुलांपेक्षाही कमी वाढलेलं! हे ऐकून माझं डोकंच फिरलं. आपण सोसायचं आणि तब्येत त्यांची ठणठणीत? माझं बीपी त्यातलंच की काय, कोण सांगणार. पण त्या रात्रीची धडधड मी मनाची समजूत काढून थांबवू शकलो नाही, एवढं खरं.

परत्या म्हणतो, "मस्ती होती रे ती." मालती म्हणते, त्याचं नाव टाक. मला मात्र जायचंय. त्याची माफी नको. फक्त त्या सगळ्यांसमोर कर्कटकाचं सांगायचंय, अडखळत सांगावं लागलं तरी. मध्ये कोणी हसलं, तर शेजारी तू हवास.

वहिनींचा मोतीबिंदू नीट निघाला, बरं झालं. सूनबाईंना आशीर्वाद. संमेलन दिवाळीनंतरच्या रविवारी म्हणतायत. दुकान दोन दिवस पोराकडे सोपव आणि येतोस की नाही ते कळव. तू येणार नसशील तर मीही जात नाही.

तुझा,
नंद्या